निवळलेल्या पाण्यात काय उरतं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं नाही. माझा तुमच्यावर आरोप आहे तो हाच.

"पाणी रंगहीन. तेलाचा अंश दिसत नाही. वास नाही." नाल्याच्या पाण्याच्या दाखल्यावर या तीन ओळींखाली तुमची सही आहे आणि तिन्ही ओळी खऱ्या आहेत. खोट्या असत्या तर आणखी एक लाचखाऊ म्हणून मी तुम्हाला विसरून गेलो असतो. तसे पुष्कळ पाहिले. पण तुम्ही डोळ्यांना दिसलं तेवढं लिहिलं, आणि जे तपासायला सरकारने तुम्हाला खुर्ची दिली ते तपासलंच नाही. त्यात चार महिन्यांची एक पोर गेली. तिच्या मरणात माझाही हात आहे. माझा भाग मी इथे लिहून देतो. तुमचा तुम्ही द्या.

मी भय्याजी. सातवीत दोनदा नापास. पुढचं जे वाचलं ते रद्दीतलं, ज्या पानात भजी बांधून येत तेही. नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यावर. नदीचं गढूळ पाणी हौदात येतं, त्यात तुरटीचं पाणी सोडायचं, गाळ खाली बसू द्यायचा, हे माझं काम. तेरा वर्षं तुरटी विरघळवून माझ्या बोटांची कातडी सुरकुतली आहे. राहायला मात्र गावी, बेहडाटोलीला. करडीपासून दोन कोस आत, साठ घरं, एक विहीर, एक नाला.

१९८५च्या चैत्रात विहीर आटली. मग बायांनी नाल्याच्या वाळूत झिरे खणले. झिरा म्हणजे हातभर खड्डा. त्यात पाणी पाझरतं, ते वाटीवाटीने घागरीत भरायचं. आमच्या आज्या-पणज्यांनी असंच भरलं. फरक एवढाच की त्यांचं पाणी मातकट असे आणि आमचं दुधासारखं पांढरं होतं. वर मोरपिसासारखे रंग तरंगत. नाल्याच्या वरच्या अंगाला तीन वर्षांपूर्वी कारखाना आला होता. तिथे लेथवर लोखंड कापताना पांढरं तेलपाणी ओततात. ते नासलं की नाल्यात सोडून देतात. गुरं ते पाणी हुंगून परत फिरत. बाया उन्हातान्हात करडीच्या हापशीवर जात, दोन कोस तिकडे, दोन कोस इकडे, डोक्यावर दोन घागरी.

गावाने अर्ज केला. अर्जाचं उत्तर म्हणून निर्मळनाथ महाराज आले.

त्या दिवशी नाल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. करडीचे लोक आले, मोहाडीच्या बाजारातून लोक बाजार सोडून आले. पळसाच्या सावलीत मांडव, मांडवात व्याघ्रासन म्हणून टाकलेली पिवळी सतरंजी, तिच्यावर महाराज. समोर काचेची हंडी. तुम्ही आणि कारखान्याचे मॅनेजर लोखंडी खुर्च्यांवर बसला होता, साहेब. मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही घाम पुसत होता.

महाराजांनी हंडीत नाल्याचं पांढरं पाणी भरवलं आणि हात वर केले. त्यांची हिंदी आमच्याच मुलखातली होती; अडली की मराठीवर येई.

"माताओ, ये पानी नही है. ये कामधेनू का दूध है. कामधेनू तुमच्या नाल्यात उतरली. पर तुमच्या पापाचं तेल तिच्यावर बसून राहिलं. म्हणून कडू लागते. हम पाप को बाहर निकालेंगे. बोलो निर्मळनाथ महाराज की..."

"जय," लोक म्हणाले.

मालनबाई माझ्या शेजारच्या घरची. तिच्या तोंडाला गावात कोणी लागत नाही. ती मागून म्हणाली, "एवढं तेल निघून राहिलं तं मले द्या जी महाराज. राकेल भेटत नाही, पापावरच दिवा लावतो."

हशा पिकला. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चिमूट नव्हे, चांगली मूठभर पांढरी विभूती हंडीत टाकली, चिमट्याने ढवळली आणि भजन सुरू केलं. भजन लांबलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हंडीकडे पाहत होतो. पहिल्या कडव्याला पाण्यात कण दिसू लागले. दुसऱ्याला कणांच्या गुठळ्या झाल्या. चौथं कडवं संपेपर्यंत चिकट पांढऱ्या साक्या, सायीसारख्या गुठळ्या, वर जमल्या, काही तळाला बसल्या, आणि मधलं पाणी असं लख्ख झालं की हंडीपलीकडचा माणूस ओळखू यावा. महाराजांनी पळसाच्या पानाने वरचा थर काढला आणि सगळ्यांना दाखवला.

"ये देखो. पाप."

बाया लोटांगण घालू लागल्या. गोदावरीबाई, आमच्या तुलारामची आई, सत्तरीची. तिने हात जोडले नाहीत. ती मला हळूच म्हणाली, "यात काय नवल हाये रे. माही माय घागरीले आतून निवळीची बी घासे. गढूळ पानी असंच निवळे. निवळलं का पेवाचं."

तिचं खरं होतं. आमच्या झाडीपट्टीत प्रत्येक घरी निवळीच्या बिया असत. पावसाळ्यातलं बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी त्यावरच तरे. आमच्या सगळ्यांच्या रक्तात ती समज भिनलेली होती: निवळलं की प्यायचं.

आणि साहेब, तेव्हा तुम्ही उठलात. तुमच्याजवळ नमुन्याची बाटली होती. नाला दहा पावलांवर होता. तुम्ही महाराजांच्या हंडीतून बाटली भरली, बूच लावलं आणि चिठ्ठी चिकटवली.

गावाने करडीला जाणं सोडलं. सकाळी मांडवातून विभूतीची पुडी घ्यायची, घागरीत टाकायची, भजन म्हणायचं, पाणी भरायचं. मी एक पुडी मागून घेतली आणि जिभेवर ठेवली. जीभ आखडली, गालफडं आत ओढली गेली. तेरा वर्षांची ओळख. मला कोणी फसवावं काय? तुरटी. त्यात थोडा चुना.

पुढच्या सोमवारी माझी सुट्टी होती. किराण्याच्या दुकानातून तुरटी घेतली, कुटली. चुना माझ्या तंबाखूच्या डबीतला. मांडवासमोर घरचं काचेचं भांडं ठेवलं, पांढरं पाणी भरलं आणि म्हटलं, "महाराज, मलेही सिद्धी भेटली. तुमची भजनाची होय, माही एसटीची."

"बैठ जा, बच्चा," महाराज म्हणाले.

मी बसलो नाही. भुकटी टाकली, काडीने ढवळलं आणि मोठ्याने म्हणू लागलो, "तुमसर, मोहाडी, वरठी, भंडारा. तुमसर, मोहाडी, वरठी, भंडारा." वीस वेळा म्हटलं. पोरं माझ्यामागे म्हणू लागली. मग म्हातारेही. मालनबाईने मध्येच हाक दिली, "वरठीले उतरनारे कोनी हायेत का?" तोवर भांड्यात साक्या जमल्या होत्या आणि खालचं पाणी लख्ख झालं होतं.

"भजनाचं काम एवढंच होतं," मी लोकांना सांगितलं. "तुरटीले वेळ लागते. तेवढा वेळ तुमचे डोळे अन् तोंड कोठंतरी गुतवून ठेवाचे. तेलाचे बारीक बारीक थेंब पान्यात सुटे सुटे फिरतात, म्हणून पानी पांढरं दिसते. ते एकमेकाले दूर ढकलतात. तुरटी त्याहीचं भांडन मिटवते. मग ते एका जागी गोळा होतात. पाप नाही, पुण्य नाही. टाकीवर मी रोज हेच करतो, अन् मले कोनी नमस्कार करत नाही."

महाराज गोरेमोरे झाले. "फिटकरी में भी भगवान है," म्हणाले. कोणीतरी मागून म्हणालं, "मंग त्याले दुकानातूनच आनतो आमी."

तुलाराम कारखान्यात रोजंदारीवर होता. तो इतका वेळ मांडवाच्या मागे काहीतरी पाहत उभा होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"भय्याजीभाऊ, विभूतीचे पोते कोनाचे हायेत, सांगू का? आमच्या हौदाजवळचे."

"कोन्या हौदाजवळचे?"

"कारखान्यात हौद हाये ना. पानी सोडाच्या आंधी त्यात तुरटी टाकाची, तेल काढाचं, मंग नाल्यात सोडाचं, असा कायदा हाये म्हणे. पैल्या वर्षी केलं. मंग त्यातला चिकट गाळ काढाले कोनी तयार होईना, तं हौद बंद. पोते पडून होते. थेच हे."

म्हणजे बघा साहेब. औषध कारखान्यात होतं, हौद बांधलेला होता, कायदा होता. औषध हौदात पडलं नाही. त्याचा बाबा झाला. गावाने कारखान्याचं काम स्वतःच्या घागरीत करायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या.

महाराज त्याच संध्याकाळी गेले. ते कारखान्याच्या जीपमधून गेले, हे साठ घरांनी पाहिलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की सातवी नापास झालो त्याचं काही बिघडलं नाही.

गोष्ट इथे संपती तर मी ती चौकात उभा राहून रंगवून सांगितली असती. बुवा पळाला, विज्ञान जिंकलं. असल्या गोष्टी मी खूप वाचल्या आहेत आणि त्या इथेच संपतात.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरलो. घागरीला किती तुरटी, किती चुना, किती वेळ थांबायचं, फडकं दुहेरी कसं करायचं, सगळं शिकवलं. बायांनी पटकन उचललं. निवळीचा हात होताच त्यांना.

तुलारामच्या घरी रुखमा दारात उभी होती. तुलारामची बायको. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली होती. पणजीचं नाव ठेवलं होतं, धुरपता. चार महिन्यांची. रुखमाला दूध पुरत नव्हतं, म्हणून पोरीला डब्यातलं दूध पाण्यात कालवून द्यावं लागे. महाराज असतानाही ही एकटी बाई पोरीपुरती एक घागर करडीच्या हापशीवरून आणत होती. गोदावरीबाई तिला हसे. महाराजांचे भक्त तिला नास्तिक म्हणत.

तिने मला विचारलं, "भाऊ, सगळं गाव पेते तं पेऊ द्या. मी बी पेतो. पन लेकराले देऊ काय हे पानी?"

ती साहेबाला विचारत नव्हती, महाराजांना विचारत नव्हती. मला विचारत होती, कारण मी जाणता होतो.

मी म्हटलं, "दे. उकळून दे. खुशाल दे. कायले उन्हात मरतेस?"

ती हसली. त्या दिवसापासून तिने करडीला जाणं सोडलं.

पंधरा दिवस काही झालं नाही. मोठ्यांची डोकी दुखत. आम्ही ते उन्हावर ढकललं. मग एका सकाळी गोदावरीबाई आली. "पोरीचे ओठ पाय रे. जांभूळ खाल्ल्यावानी दिसून राहिले." मी गेलो. ओठ निळे, नखं निळी, अंगाचा रंग राखेसारखा. पोर रडत नव्हती. रडायलाही जोर लागतो.

आम्ही बैलगाडीने करडी गाठली, तिथून एसटी. एसटीत रुखमा पोरीच्या तोंडाला बाटली लावत होती. जाताना उकळून, गाळून, थंड करून घेतलेलं पाणी. मी तिला दोनदा म्हटलं, "पाज, थोडं थोडं पाज." हेही लिहून ठेवतो.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या टाचेतून रक्त काढलं आणि काचेवर धरून पाहत राहिल्या. ते लाल नव्हतं. काकवीच्या रंगाचं होतं.

"पाणी कुठलं पाजता?"

मी सांगितलं. तुरटी, चुना, फडकं, उकळणं. खरं सांगतो, सांगताना मला अजून थोडा अभिमानच होता.

बाईंनी बाटली माझ्या हातातून घेतली. "उकळल्याने पाणी आटतं. त्यात जे विरघळलेलं आहे ते आटत नाही, दाट होतं. हे तिला आता एक थेंबही देऊ नका."

या आजारावर एक निळं इंजेक्शन असतं. ते त्यांच्याकडे नव्हतं. नागपूरला होतं. गाडीची सोय होईपर्यंत दुपार झाली आणि गाडी दारात आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. रुखमाने पोरीचं टोपडं नीट केलं आणि बाईंना विचारलं, "आता बाटलीतलं पानी फेकू काय?"

बाईंनी ते फेकू दिलं नाही. नागपूरच्या कॉलेजात पाठवलं. चौथ्या दिवशी निकाल आला, तेव्हा मला बोलावून समजावलं. लेथच्या तेलपाण्यात लोखंड गंजू नये म्हणून एक क्षार घालतात. नायट्राइट त्याचं नाव. साखर, मीठ विरघळावं तसा तो पाण्यात विरघळतो. तुरटी तेलाला गोळा करते, मातीला गोळा करते. विरघळलेल्याला ती हातही लावत नाही. मोठ्यांचं रक्त तो क्षार काही दिवस सोसतं. तान्ह्याचं सोसत नाही. रक्त अंगात फिरत राहतं, पण श्वासातली हवा अंगाला पोचवत नाही. पोर आतल्या आत गुदमरते आणि बाहेरून फक्त निळी दिसते.

मी गावी परतलो तर चावडीवर लोक जमलेले. महाराजांना आणायचं ठरत होतं.

"शाप लागला," एक जण म्हणाला. "हाकलला त्याले. त्यानं पोर नेली."

गोदावरीबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुले कायले पायजे होतं रे? त्याच्या हातचं पेलो, तेव्हा मेलं काय कोनी?"

या प्रश्नाला उत्तर होतं. त्याच्या वेळी रुखमा करडीचं पाणी आणत होती, हे उत्तर. पण ते मी तिच्या तोंडावर फेकू शकलो नाही.

मालनबाईच्या घरी लेक बाळंतपणाला आली होती. दहा दिवसांचं बाळ. मालनबाई माझ्याशी बोलायची थांबली होती, पण घागर तुरटीचीच भरत होती. मला थांबायला वेळ नव्हता.

मी नाल्यावर भांडं मांडलं. या वेळी मंत्र नाही, एसटी नाही. पांढरं पाणी भरलं आणि सगळ्यांदेखत त्यात चार मुठी मीठ टाकून विरघळवलं. मग तुरटी, मग चुना. साक्या वर आल्या, त्या काढल्या. पाणी पहिल्यासारखंच लख्ख झालं. गाळून घेतलं.

"निवळलं?" मी विचारलं.

"निवळलं," लोक म्हणाले.

"मीठ गेलं?"

मी भांडं पुढे सरकवलं. मी म्हटलं, "नुसतं जिभेले लावून पाहा अन् थुका."

कोणी पुढे येईना. गर्दी फाकली आणि रुखमा आली. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकली.

"खारट," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा लावलं. पुन्हा थुंकली. मी तिचा हात धरला.

"म्हंजे मीच पाजलं," ती म्हणाली.

"मी सांगितलं म्हणून पाजलं, रुखमा. मी 'दे' म्हणालो."

"तुमी सांगतलं. मी पाजलं. आपन दोघं इथं उभे हावो," ती म्हणाली. "ज्यानं ते पान्यात टाकलं, तो कोठी हाये?"

मालनबाई उठली. घरातली घागर घेऊन आली, सगळ्यांसमोर वाळूत पालथी केली आणि करडीच्या वाटेला लागली. तिच्यामागे एकेक करत बाकीच्या. तिचा नातू आज धडधाकट आहे.

महाराजांना आणायची भाषा मग कोणी काढली नाही. लोकांना मी एवढंच सांगत आलो. निवळी खोटी नव्हती. तुरटीही खोटी नाही. माती काढायला ती चांगली, तेल काढायला चांगली. खोटं होतं ते एवढंच, की दिसत नाही ते नाहीच असं मानणं. बुवा त्यावर जगतो. मीही त्यावर फुगलो. बुवाची विभूती तुरटी निघाली म्हणजे पाणी प्यायचं झालं असं होत नाही. चमत्कार उघडा पडला की खरी तपासणी सुरू व्हायला हवी, आणि मी तिथेच हात झटकले. माणसाने विचारत राहावं. मलाही विचारावं. 'कशावरून म्हणतोस' हा एक प्रश्न रुखमाने त्या दिवशी मला विचारला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

साहेब, आता तुमच्याकडे येतो.

बाईंनी निकालाचा कागद वर पाठवला. गावाने दुसरा अर्ज केला. त्यावर कारखान्याने हौद पुन्हा सुरू केला आहे. तुलाराम तिथेच कामाला आहे, तो स्वतः हौदात तुरटी टाकतो. तेल वर येतं, ते काढून घेतात, आणि खालचं पाणी नाल्यात सोडतात. मी कालच पाहून आलो. नाला आता पांढरा नाही. रंग तरंगत नाहीत. तळाचे गोटे मोजता येतात. गुरं हुंगून परत फिरत नाहीत, पितात. बेहडाटोलीच्या बायांना ठाऊक आहे, त्या भरत नाहीत. पण नाला बेहडाटोलीला थांबत नाही. तो पुढे जातो, खाली आणखी गावं आहेत, तिथेही झिरे आहेत, तिथेही तान्ही पोरं आहेत. तिथल्या बाया तीन वर्षं या पाण्याला भीत होत्या. आता भीत नाहीत. इतकं सुंदर पाणी पाहून कोण भिईल?

नवा दाखलाही तुम्हीच दिला आहे. "पाणी रंगहीन. तेलाचा अंश दिसत नाही. वास नाही."

त्यात काय नाही, ते आम्हाला डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी साहेब लागत नाही. त्यात काय आहे, ते सांगा. तो क्षार किती आहे, तो आकडा सांगा. मोजला नसेल तर मोजला नाही असं सांगा. खालच्या गावातली एखादी बाई बाटली हातात धरून विचारेल की लेकराला देऊ काय, तिला मी काय सांगू, हो की नाही?

लेखी सांगा. खाली सही करा.